राजाच्या दाराची प्रत्यक्ष पाहणी

प्रभाकररावांना राजा व्हायला एकोणीस वर्षं लागली, आणि झाल्यावर पहिल्याच तालमीत त्यांचं एका वाक्यावर अडलं.

वाक्य असं : "दार लावू नका. अजून कोणी यायचं राहिलं आहे."

हे वाक्य ठाऊक नाही असा माणूस त्या काळी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर सालच्या सुमारास, समुद्रपुरात शोधून सापडला नसता. आणि सापडला असता तर लोकांनी त्याला धरून तहसिलीत उभा केला असता. 'हतभागी हेमराज' हे जुनं नाटक दर साल कापूस घरात आला की गुजरीच्या मैदानात व्हायचं. शेवटच्या अंकात हेमराजाचं राज्य गेलेलं असतं, फौज पळालेली असते, राणी आणि दोन्ही मुलगे कामी आलेले असतात, आणि उरलेल्या एकुलत्या लेकीला त्यानं स्वतःच रागाच्या भरात हाकलून दिलेलं असतं. पडक्या किल्ल्यात खाटेवर बसून तो पहारेकऱ्याला हे वाक्य सांगतो. पहारेकरी सेनापतीच्या हुकमावरून दार लावतोच. मग लेक येते, तीनदा दार ठोठावते, उंबऱ्यावर प्राण सोडते, आणि तिसरी थाप ऐकून राजाही मरतो. लोक पोटभर रडून घरी जात आणि पुढच्या सालापर्यंत खुशीत राहत.

पण हे वाक्य नाटकात मावलं नव्हतं. ते निसटून गावभर हिंडत होतं. वर्ध्याच्या गाडीचा कंडक्टर घंटी मारण्याआधी ते म्हणे. पंगतीत वाढपी म्हणत. न्हाव्यानं ते आरशावर रंगवून घेतलं होतं. त्यामुळे नाटकात ती जागा आली की मैदानातले हजारभर लोक ते राजाच्या आधीच म्हणून मोकळे होत, आणि राजाला नुसतं तोंड हलवावं लागे.

प्रभाकरराव तालुक्याच्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळत. कोणत्या कचेरीत ते विचारू नका, सगळ्यांच्या पंख्यांचा आवाज सारखाच. नाटकात ते एकोणीस वर्षं पडद्याआडून वाक्यं पुरवत आले होते. राजा व्हायचे बबनराव. चाळीस एकर ओलिताचे मालक, आणि आवाज असा की इथं गर्जना केली तर हिंगणघाटला जिनिंगवरची कबुतरं उडत. पण त्या साली बबनरावांनी दातांची नवी कवळी बसवली, आणि 'हेमराज' हा शब्द आला की कवळी शब्दाच्या पुढं निघू लागली. म्हणून त्यांना सेनापती केलं. सेनापतीला शेवटच्या अंकात एकच वाक्य, "लाव ते दार." त्यात कवळीला धोका नव्हता.

तालीम घेत अण्णाजी. हे प्रभाकररावांच्याच कचेरीतून मोठे बाबू म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्या दिवशी वाक्य ऐकलं, चष्मा काढला आणि विचारलं, "कोन?"

"कोन म्हंजे?"

"राजा म्हनते कोनी यायचं राह्यलं. कोन राह्यलं?"

एकोणीस वर्षं प्रभाकररावांनी हे वाक्य कुजबुजलं होतं, आणि 'कोन' हा प्रश्न त्यांच्या मनाला एकदाही शिवला नव्हता. वाक्य बरोबर पानावर येतं की नाही, एवढंच त्यांनी पाहिलं.

"ते तुमच्या डोळ्यात दिसलं पाह्यजे," अण्णाजी म्हणाले. "बबनरावाच्या डोळ्यात नाई दिसे, पन त्याचा आवाज होता. तुमच्यापाशी आवाज नाई. शनवारी नाटक हाये, अन् शुक्रवारी बबनरावाचे दात वर्ध्याहून घासून येऊन राह्यले. तोवर सांगा, नाईतर तुमची बत्ती अन् तुमचं पुस्तक तयारच हाये."

ही गोष्ट सोमवारची. बबनराव बाजूलाच बसले होते. ते नुसते सगळे दात दाखवून हसले, आणि कवळी जरा अलीकडे सरकली.

प्रभाकररावांनी चौकशी सुरू केली. माणूस कुतूहलाचा, आणि ज्या प्रश्नाला जावक क्रमांक नाही तो प्रश्न त्यांना झोपू देत नसे. शेजारच्या सुमित्राबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "खोलीत कोंदट होत असन जी. कोनी यायचं हाये म्हनून दार उघडं ठेवाले लावलं." कंडक्टरनं ठामपणे सांगितलं, "पाशिंजर." कचेरीतला शिपाई चिंधू नाटकात पहारेकरी होता, म्हणजे ते वाक्य ज्याला उद्देशून आहे तोच हा. त्यानं खूप विचार केला आणि म्हणाला, "साहेब यायचे असतीन. साहेब आल्याबिगर म्या दार कुठी लावतो?" आपलं मत न मागता बबनरावांनीही दिलं. "शत्रू. मर्द मानूस हाये राजा. म्हनते, ये, पाहून घेतो."

घरी बायकोला विचारलं. लीलाबाई भाचीच्या डोहाळजेवणाला नाचणगावला निघाल्या होत्या आणि पिशवीत लुगडं कोंबत होत्या.

"मले काऊन विचारता? ज्याले पोरगी हाकलताना अक्कल नाई आली, त्याले दार उघडं ठेवून का येनार हाये? डाळीचा डबा वरच्या फळीवर हाये. येतो म्या शुक्रवारी."

आता दुसरा कोणी असता तर त्यानं एखादा अर्थ उचलला असता आणि डोळ्यांत घातला असता. पण प्रभाकररावांची सारी हयात कचेरीत गेलेली. तिथं स्वतः अर्थ लावण्याची पद्धत नसते. मार्गदर्शन मागवण्याची असते. त्यांनी रीतसर टिपण लिहिलं. 'विषय : हेमराज यांनी दार न लावण्याबाबत दिलेल्या आदेशाचा अर्थ स्पष्ट होणेबाबत.' खाली तीन मुद्दे, चौथ्यात विनंती. चिंधूच्या हाती ते अण्णाजींकडे गेलं. अण्णाजी निवृत्त झाले असले तरी टिपण दिसलं की त्यांचा हात आपोआप समासाकडे जाई. त्यांनी आडवा शेरा मारला : 'प्रत्यक्ष पाहणी करून अहवाल सादर करावा.' खाली सही, तारीख.

शेऱ्याचा अनादर करणं प्रभाकररावांना कधी जमलंच नव्हतं. पाहणी म्हणजे पाहणी. राजाचं घर, राजाची खाट, राजाचं उघडं दार, आणि दुःख. पहिल्या तिन्हींची सोय घरी होती. दुःखासाठी त्यांनी तीन दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज केला, आणि खोटं लिहायचं नाही म्हणून कारणाच्या रकान्यात खरं ते लिहिलं : 'दुःखाचा जवळून अनुभव घेणे आवश्यक झाल्यामुळे.'

बुधवारी सकाळी ओसरीमागच्या खोलीत त्यांनी बाज टाकली, बरोबर दारासमोर. दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या. भूमिकेसाठी चार दिवस दाढी वाढवलेलीच होती. अंगावर घोंगडी घेतली आणि दाराकडे पाहत बसले. हेमराज त्या वाक्याआधी दीड पान मुका असतो, म्हणून आपणही बोलायचं नाही असं ठरवलं.

पहिली आत आली ती सुमित्राबाईंची शेळी. राजा हलला नाही. शेळीनं राजवाड्यातलं कॅलेंडर खाल्लं. तिला शोधत सुमित्राबाई दारात आल्या, आणि त्यांनी काय पाहिलं? घोंगडी पांघरलेला, दाढी न केलेला, कचेरीला न गेलेला माणूस सताड उघड्या दारासमोर मुका बसलेला आहे, आणि शेळी कॅलेंडर खाते तरी तिला हाकलत नाही. आमच्या भागात याचा अर्थ एकच होतो. ज्या घरी माणूस गेलं त्या घराचं दार लावत नाहीत, आणि ज्याचं गेलं त्याला 'कोण गेलं' असं विचारत नाहीत. तो सांगेल तेव्हा ऐकायचं. त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारून पिठलं-भाकर जाते. सुमित्राबाईंनी शेळीचा कान धरला, पदर डोक्यावर घेतला आणि एक शब्द न बोलता माघारी गेल्या.

अर्ध्या तासात पितळीभर पिठलं आणि दोन भाकरी आल्या.

प्रभाकररावांना वाटलं, बायकोनं जाताना सांगून ठेवलं असेल. ते जेवले. तोवर दुसरं पिठलं आलं. मग तिसरं. दुपारपर्यंत अकरा घरांचं पिठलं झालं, आणि प्रत्येकाचा तिखटपणा निराळा. पिठल्यामागून माणसं आली. सतरंजीवर बसत, जमिनीकडे पाहत, सुस्कारा टाकत आणि म्हणत, "आपल्या हाती का हाये बाप्पा." राजानं मान हलवावी. "लय चांगलं होतं." राजानं पुन्हा मान हलवावी. नाटकाची ओढ लोकांना किती आहे, आपण राजा होणार म्हणून कसे धीर द्यायला येऊन राहिले, या विचारानं राजाचे डोळे खरोखरच भरून आले. त्यामुळे लोकांची उरलीसुरली शंकाही फिटली.

तिकडं कचेरीत आताच्या मोठ्या बाबूंनी रजेचा अर्ज वाचला. 'दुःखाचा जवळून अनुभव.' त्यांनी पेन खाली ठेवलं. सगळे कर्मचारी दोन मिनिटं उभे राहिले, आणि कचेरी अर्धा दिवस बंद झाली. गुरुवारी चिंधू दुखवट्याचा ठराव घेऊन आला. ठराव सुरेख होता : 'कै. ............ यांच्या आकस्मिक निधनाने कचेरीची अपरिमित हानी झाली आहे.' मधली जागा रिकामी.

"येवढं नाव सांगा जी," चिंधू हळूच म्हणाला. "रिकाम्या जागेवर शिक्का मारता येत नाई म्हनते."

प्रभाकरराव मुके. ते ठरावाकडे पाहत राहिले, त्यांनी दाराकडे बोट दाखवलं आणि घोंगडीत तोंड घातलं. कचेरीची ही नवी थट्टा आहे, आपल्या पाहणीची टिंगल चालली आहे, असं त्यांना वाटलं, आणि दुःखाचा अनुभव त्या दिवशी जरा चांगला आला.

चिंधूनं बाहेर येऊन सांगितलं, "दाराकडे बोट दाखवलं. त्या दारातून जे मानूस गेलं ते."

त्या दारातून मंगळवारी कोण गेलं होतं ते साऱ्या आळीनं पाहिलं होतं. हाती पिशवी घेऊन लीलाबाई गेल्या होत्या.

तेव्हापासून लीलाबाईंचे गुण निघू लागले. सुमित्राबाई, ज्यांचं नळावरून लीलाबाईंशी आठ महिने बोलणं नव्हतं, त्या सांगू लागल्या की अशी शेजारीण सात जन्मात मिळायची नाही, तिच्यासारखं सांडग्याचं पीठ कोणाचं फुगत नाही. हे सारं आतल्या खोलीपर्यंत ऐकू जात नव्हतं, कारण आत अण्णाजी बसले होते आणि कोणी बोललं की "शू" म्हणत होते. अण्णाजींच्याही घरून पिठलं आलं होतं. आपल्या शेऱ्यानंतर दुसऱ्याच दिवशी बिचाऱ्यावर हा प्रसंग यावा, या योगायोगानं त्यांचं मन खात होतं.

बातमी पुढं कंडक्टरनं नेली. वर्ध्याला तिची गाडी बदलली, तिथं 'प्रभाकररावाकडचं गेलं' एवढंच उरलं, आणि नाचणगावला पोचेपर्यंत ते 'प्रभाकरराव गेले' झालं.

शुक्रवारी दुपारी लीलाबाई एस.टी.तून उतरल्या. आपल्या घराभोवती चाळीस माणसं, डोक्यावर पदर, सताड उघडं दार. फाटकापाशीच त्यांनी हंबरडा फोडला. तो ऐकून राजाला वाटलं, कोणाकडं तरी गेलं वाटतं कोणी, आणि माणुसकी म्हणून तीन दिवसांत पहिल्यांदा तो बाजेवरून उठला. माणसं दोन्हीकडून बाजूला झाली. सुमित्राबाईंनी लीलाबाईंना पाहिलं आणि गेलेलीच परत आली म्हणून रामनाम सुरू केलं.

"तुम्ही हाये?" लीलाबाई म्हणाल्या.

"हाये ना. कोन गेलं?"

"मलेच विचारता? मंग हे कायचे बसून राह्यले?"

चाळीस माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. तीन दिवस त्यांनी दुःख केलं होतं, कामं बुडवली होती, आणि कोणासाठी ते एकालाही सांगता येईना. शेवटी प्रभाकरराव खाकरले. "राजाचं होतं," ते म्हणाले. "हेमराजाचं. पाहनी चालली होती."

त्यानंतर जे झालं ते मी फार लांबवत नाही. आळीतले वयोवृद्ध किसनराव म्हातारे सिंदी मेघेहून लेकीचं घर सोडून दोन गाड्या बदलून आले होते. ते एवढंच म्हणाले, "प्रभाकर, आता तू खरंच मेला तरी म्या येनार नाई." आणि काठी टेकत गेले. एकामागून एक सगळे गेले. बायका आपापल्या पितळ्या, वाडगी, टोपली उचलून. बबनराव नवे घासलेले दात घेऊन त्याच दिवशी परतले होते. त्यांनी फाटकात उभं राहून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की उद्या राजा कोण ते आता विचारायची गरज नाही. पण आलाच जर हा रंगमंचावर, तर सगळ्यांनी या, टिंगल करायला मोकळीक आहे.

दिवस कलला. घर रिकामं झालं. तीन दिवस ज्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती तिथं सतरंजीवर सुरकुत्या तेवढ्या राहिल्या. प्रभाकरराव बाजेवर बसलेच होते. आता ते पाहणी करत नव्हते. त्यांना एवढंच कळत होतं की वाक्याचा अर्थ सापडला नाही, राजेपण गेलं, आणि एकोणीस वर्षांत गावाशी जी काही बोलचाल जमवली होती तीही गेली. लीलाबाई बडबडत झाडू मारत होत्या. झाडता झाडता त्या दाराशी गेल्या आणि मच्छर येतात म्हणून एक फळी ओढली.

"राहू दे," प्रभाकरराव म्हणाले. "नको लावू. ते एक टोपलं राह्यलं हाये कोनाचं. न्याले यीन कोनी."

दाराबाहेर अण्णाजी उभे होते. टोपलं त्यांचंच होतं. सगळे गेल्यावर न्यावं म्हणून ते अंधार पडायची वाट पाहत थांबले होते. ते आत आले, टोपलं उचललं आणि उभेच राहिले.

"प्रभाकर, हेच."

"का हेच?"

"आता जे म्हनलं ते. उद्या असंच म्हन."

"काही म्हनलं नाई जी म्या. टोपल्याचं म्हनलं."

"कोन यीन वाटलं तुले?"

प्रभाकररावांनी उघड्या दाराकडे पाहिलं. "कोनीही," ते म्हणाले. "कोनीही आलं असतं त चाललं असतं."

अण्णाजींनी बाजेवर पडलेलं ते शेरा मारलेलं टिपण उचललं, गुडघ्यावर टेकवून त्यावर लिहिलं, 'अहवाल मान्य', आणि टोपलं काखोटीला मारून गेले.

शनिवारी आणखी एक गंमत झाली. नाटक मंडळानं तहसिलीकडं परवानगी मागितली होती रात्री नऊ ते तीनची. हाती आली ती सकाळी नऊ ते दुपारी तीनची, आणि दुरुस्तीसाठी नवा अर्ज, नवं तिकीट, नवे आठ दिवस. त्यामुळे 'हतभागी हेमराज' टळटळीत उन्हात सुरू झाला. बायकांनी छत्र्या उघडल्या होत्या. "काळोख दाटला, हात हाताला दिसेना," असं सेनापती म्हणाले, तेव्हा समोरचा माणूस डोळ्यांवर हात धरून बसला होता. गर्दी मात्र कधी नव्हती एवढी. फसवलं गेलेलं सारं गाव फसवणाऱ्याची फजिती पाहायला आलं होतं, किसनराव म्हातारेसुद्धा. काहींनी त्या वाक्याच्या वेळी पितळी वाजवायची असं ठरवून पितळ्या आणल्या होत्या.

शेवटचा अंक आला. प्रभाकरराव खाटेवर बसले. समोर लाकडी चौकट, तिला एकच फळी, फळीला धरून पहारेकरी चिंधू. दीड पान राजा गप्प राहिला. मैदानात पितळ्या वर उचलल्या गेल्या. प्रभाकररावांनी समोर पाहिलं. तीन दिवस आपल्या सतरंजीवर बसलेली सगळी माणसं तिथं होती, रागानं तोंडं फुगवून, पण होती. एकही यायचा राहिला नव्हता. ते चिंधूला, शेजाऱ्याशी बोलावं तसं, म्हणाले,

"दार लावू नका. अजून कोणी यायचं राहिलं आहे."

कोणी त्यांच्या आधी म्हटलं नाही. कोणी त्यांच्याबरोबर म्हटलं नाही. पितळ्या हळूच मांडीवर आल्या.

"लाव ते दार," बबनराव कडाडले. कवळी जागची हलली नाही.

चिंधू फळीला धरून उभा. अण्णाजी पडद्याआडून म्हणाले, "लाव, चिंधू." नवा प्रॉम्प्टर म्हणाला, "लाव ना बे." चिंधूनं राजाकडं पाहिलं, सेनापतीकडं पाहिलं, आणि फळी सोडून हात मागं बांधले.

"तुमीच लावा जी," तो बबनरावांना म्हणाला. "मह्याच्यानं नाई होत."

"नको लावू रे," मैदानातून किसनराव म्हातारे म्हणाले.

बबनराव पुढं सरकले, तर पहिल्या रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. ते जिथं होते तिथंच थांबले. चौकटीपलीकडं बालवाडीच्या सुलोचनाबाई, म्हणजे राजाची हाकललेली लेक, दार ठोठावायला मूठ वर करून उभ्या होत्या. ठोठावायला दार नव्हतं. आडवं पडून प्राण सोडायला उंबऱ्यावर जागा नव्हती, तिथं चिंधू होता. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग मूठ उघडली, पदर सावरला, आणि सत्तर वर्षांत त्या नाटकातली लेक जिथं कधी पोचली नव्हती तिथं, बापासमोर, येऊन उभ्या राहिल्या.

पुढं काय बोलायचं ते लिहिणाऱ्यानं लिहिलंच नव्हतं. प्रॉम्प्टर मागची-पुढची पानं उलटत होता. प्रभाकररावांना तर ते पुस्तक पाठ होतं. त्यांना ठाऊक होतं की तिथं कोरी जागा आहे. ते खाटेच्या एका कडेला सरकले आणि बाजूची जागा हातानं झटकली.

"जेवली का माय?" राजानं विचारलं.

"नाई," लेक म्हणाली आणि बसली.

पडदा ओढणारा दोरी हातात धरून, ओढू का, ओढू का, असं विचारत होता. त्याला उत्तर द्यायला कोणी शुद्धीवर नव्हतं.